पंधरा ऑगस्टच्या आत

शुक्रवार, १६ मे २०२५

शेजारची पोरगी आज कागदांची पिशवी घेऊन ओसरीवर येऊन बसली. नाशिकच्या एका रुग्णालयात नर्स आहे, रजा टाकून शेंडीला आलीय. इंग्लंडला जायचं म्हणते. त्यासाठी आयईएलटीएस द्यावी लागते. पोरं तिला नुसतं ‘आयेल्ट्स’ म्हणतात. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत सातचा बँड लागतो, लेखनात साडेसहा चालतो. हिचं बोलणं आणि लिहिणं, दोन्ही थोडक्यात राहिलंय.

“बाई, माझे वेळेचे शब्द कच्चे आहेत, असं क्लासमध्ये सांगितलं,” म्हणाली आणि एक झेरॉक्स पुढे केली. दोन्ही बाजूंनी वाक्प्रचार. वन्स इन अ ब्लू मून, इन द निक ऑफ टाइम, ॲट द इलेव्हन्थ अवर, टाइम फ्लाइज. सगळे तिला तोंडपाठ. पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले.

मी इंग्रजीतच विचारलं, गावाला कधी आलीस?

“आय केम बिफोर टू डेज, बाई.”

झेरॉक्स तिला परत दिली. तोंडी परीक्षेत चार गोष्टींना सारखे गुण असतात: ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. वाक्प्रचार हा त्यातल्या ‘शब्द’ नावाच्या पाव हिश्श्यातला एक तुकडा. ‘टू डेज अगो’ मात्र दर तिसऱ्या वाक्यात लागणार, आणि तिथे चुकलं की ब्लू मून कितीही वेळा उगवला तरी उपयोग नाही. वर पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला दोन वाक्यांत कळतं. माझा सगळा जन्म शाळेत गेला, मलाही कळतं.

उद्यापासून दिवेलागणीला बसायचं ठरलं. तिच्याबरोबर आणखी दोघं येतील: पर्यटकांना फिरवणारा एक गाईड पोरगा, आणि ५ तारखेलाच बारावीचा निकाल लागलेली एक मुलगी. तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय.

रविवार, १८ मे

या दिवसांत आमच्याकडे वर्षातून दोनदा येणारी एक गंमत असते. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जिरते. मुंबईला हे दोन-तीन दिवस आधी होऊन जातं, नाशिकला आमच्यानंतर. आज आभाळ धड नव्हतं, पण मधेच उघडीप मिळाली. अंगणात नळाच्या पाइपाचा तुकडा उभा केला आणि पोरांना राखणीला बसवलं.

गाईड पोरगा बारा वाजताच म्हणाला, “बाई, नून झाला.” पाइपाशेजारी बोटभर सावली होती. थांब म्हटलं. साडेबारा वाजले, आणखी मिनिटभर गेलं, तेव्हा कुठे सावली गेली. बारावीवाली हरखली, पण तिचा पहिला प्रश्न चोख होता: “मग घड्याळ चुकीचं का?”

घड्याळ चुकीचं नाही, ते मिर्झापूरकडचं आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली. आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे आपला सूर्य पस्तीस मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ ला ही वेळ देशाला लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती मानायला साफ नकार दिला होता. त्यांची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटं मागे होती. गिरणी कामगार बिथरले, सभा झाल्या, आणि महापालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालवली. एकाच शहरात दोन वेळा, तब्बल अर्धं शतक.

हे सांगून झालं, तशी नर्स म्हणाली की त्यांच्याकडे बारा पीएम, बारा एएम असं लिहायलाच बंदी आहे. औषधाच्या तक्त्यावर चोवीस तासांची वेळ. बारा एएम म्हणजे मध्यरात्र की दुपार, या घोळात कुणाचा डोस चुकायला नको. परीक्षेतही हा घोळ टाळायचा असेल तर नून आणि मिडनाइट हे शब्दच वापरावेत, हे तिला मी सांगायची गरज पडली नाही.

मंगळवार, २० मे

आज खरी मेख सापडली. आपल्या दोन शेपट्या सगळं बिघडवतात: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. मराठीत त्या इतक्या सोयीच्या आहेत की माणूस इंग्रजीतही एकेकच शब्द शोधत राहतो. पाच वर्षांपासून, सोमवारपासून. आपल्याला दोन्ही सारखेच. इंग्रजी तिथे दोन दारं ठेवते. मुदत सांगायची तर फॉर, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ हे अर्ध्या भारताचं इंग्रजी आहे आणि परीक्षेत ते लाल शाईत जातं.

नुसता नियम सांगून हे बसत नाही. म्हणून धरण घेतलं. आमच्या अंगणातून भिंत दिसत नाही, पण प्रत्येकाला ठाऊक आहे की विल्सन डॅम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. या दोन आकड्यांवर प्रत्येकाने वाक्यं करायची. बांधायला किती काळ लागला? सिक्स्टीन इयर्स. कधी सुरू झालं? इन. कधीपासून पाणी अडवतंय? सिन्स. किती वर्षं अडवतंय? फॉर. किती वर्षांपूर्वी पुरं झालं? अगो. पुढच्या वर्षी काय होईल? शंभर पुरी होतील. तिथे ‘विल हॅव बीन’ येतं आणि सगळ्यांची बोबडी वळते. गाईड पोराने मात्र ते आधी पकडलं. पर्यटकांना तो गेली दोन वर्षं धरणाच्या वयाचं सांगतोच आहे, फक्त मोडकंतोडकं.

मग ‘पर्यंत’. इथे मी त्यांना आमच्या भागातला कायमचा प्रश्न दिला. जुलै लागला की एसटीत, टपरीवर, पेपरात एकच चर्चा: धरण पंधरा ऑगस्टपर्यंत भरणार का? अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट. हा आकडा खाली श्रीरामपूरकडच्या शेतकऱ्यालाही पाठ असतो. आता हे इंग्रजीत सांगा.

“द डॅम विल फिल अंटिल फिफ्टीन्थ ऑगस्ट,” बारावीवाली म्हणाली.

मी विचारलं, म्हणजे चौदा ऑगस्टपर्यंत भरतच राहील आणि पंधराला थांबेल, असं म्हणायचंय का? ती विचारात पडली. नर्स हळूच म्हणाली, “बाय.” बाय म्हणजे त्या तारखेच्या आत, केव्हाही, दहालाही भरलं तरी चालेल. अंटिल म्हणजे त्या तारखेपर्यंत सतत. आणि महापालिकेने जुनी वेळ १९५५ पर्यंत चालवली, ते अंटिल की बाय? तिघांनी एका सुरात अंटिल म्हटलं. ‘पंधरा ऑगस्टच्या आत’ हे मराठीतच किती स्पष्ट आहे! आपण ‘पर्यंत’ म्हणायच्या सवयीने ‘आत’ विसरतो, आणि तिथेच इंग्रजी निसटतं.

शुक्रवार, २३ मे

ऐकण्याचा सराव. ध्वनिफीत एकदाच वाजते, परत नाही. चाळीस प्रश्न. तारखा, वेळा, वार यांनी पहिला भाग भरलेला असतो. वेडनेसडे आणि फेब्रुवारी यांचं स्पेलिंग चुकलं की उत्तर चूकच धरतात, ऐकू कितीही बरोबर आलेलं असो. दोघांचे दोन्ही चुकले. थर्टीन आणि थर्टी यांतला फरक कानाने नाही, तर जोर कुठे पडतो त्यावरून कळतो, हे गाईड पोराला फोनवर बुकिंग घेताना आधीच उमगलंय: एकदा तेरा माणसांऐवजी तीस माणसांचा पिठलं-भाकरीचा घाट घातला होता म्हणे.

‘हाफ फाइव्ह’ ऐकून सगळ्यांनी साडेचार लिहिलं. इंग्लंडमध्ये तो साडेपाचचा लाडका बोलीप्रयोग. जर्मनमध्ये मात्र तसाच शब्द साडेचार होतो, त्यामुळे पोरांची शंका अगदीच निराधार नव्हती. आपलं ‘साडे’ इंग्रजांसारखं चालतं, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सोमवार, २६ मे

रात्रभर पाऊस. सकाळी बातमी: मान्सून मुंबईत. सरासरी तारीख ११ जून. याआधी सगळ्यात लवकर म्हणजे २९ मे. १९५६, १९६२ आणि १९७१ मध्ये. केरळात तो शनिवारी, २४ तारखेलाच पोचला होता, १ जूनची वाट न बघता.

इकडे ज्यांचे राब भाजायचे राहिले होते त्यांची पंचाईत. पालापाचोळा, शेण, सगळं भिजून चिखल. नर्सच्या आजी ओसरीच्या कडेला बसून आभाळाकडे बघत होत्या. रोहिणी कालच लागली, मिरूग अजून लांब, आणि पाऊस असा. “ह्याला काय पाऊस म्हणायचं? ह्याला ढकललंय कुणीतरी,” म्हणाल्या.

धड्याला याहून चांगला दिवस कुठला? अर्ली, टू अर्ली, अहेड ऑफ टाइम, सिक्स्टीन डेज अर्लियर दॅन युज्वल. शेवटचं बारावीवालीने स्वतः जुळवलं आणि ते वाक्य परीक्षेच्या कुठल्याही उत्तरात शोभेल. ‘प्रीपोन’वर मात्र वाद झाला. शब्द आपला, भारतीय, चांगला टणक शब्द आहे, शब्दकोशांनीही घेतलाय. तरी मी म्हटलं, परीक्षेत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणा. समोरच्याला आपला शब्द समजेल की नाही, हा जुगार गुण पणाला लावून कशाला खेळायचा? घरी आल्यावर वाटेल तितकं प्रीपोन करा.

शनिवार, ३१ मे

अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती. त्यांचं चोंडी आपल्याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यात; आता जिल्ह्याचं नावही त्यांचं. सकाळपासून गावात ध्वनिक्षेपक.

शतकांचा घोळ आजच निस्तरला. जन्म १७२५. मग शतक कोणतं? “सेव्हन्टीन्थ,” तिघंही. सतरा दिसलं की सतरावं म्हणायचं, ही चूक मी पहिलीपासून बारावीपर्यंत सगळ्या इयत्तांत पाहिलीय. शंभर पुरी व्हायच्या आधीची पहिली शंभर वर्षं पहिल्या शतकाची, म्हणून १७२५ अठराव्यात. त्यांचा मृत्यू १७९५, तोही अठराव्यातच. आपल्या देवगावचे राघोजी भांगरे ठाण्यात फासावर गेले ते २ मे १८४८ ला, शतक एकोणिसावं. धरण पुरं झालं ते विसाव्यात. हे चार आकडे या तालुक्यातल्या पोराला झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवेत, मग परीक्षेतला कुठलाही ‘मिड-नाइन्टीन्थ सेंच्युरी’ वाचताना अडखळायला होणार नाही.

डिकेड, सेंच्युरी, सेंटेनरी. तीनशे वर्षांच्या जयंतीला वेगळा शब्द आहे, पण तो शिकवला नाही. परीक्षेत तो कधी कामाला येईल, असं वाटत नाही.

मंगळवार, ३ जून

पावसाने दडी मारली आहे. मान्सून पुढे सरकायचा थांबलाय, त्यामुळे पर्यटकांच्या गाड्या परत सुरू. गाईड पोराचा आज क्लासला नकार होता, म्हणून आम्हीच त्याच्या मागे काजवे बघायला गेलो. म्हणजे क्लास तिथे.

दिवस मावळला तरी उजेड बराच वेळ रेंगाळतो. सात वाजून गेल्यावर कडूसं पडलं, मग तिन्हीसांज ओसरून काळोख. एक बाई मुंबईहून आलेल्या, सोबत इंग्रजीच बोलणारी नात. नातीने विचारलं, हाउ लाँग डू वी हॅव टू वेट? आमचा पोरगा इतके दिवस अशा वेळी ‘फाइव्ह मिनिट’ म्हणून वेळ मारून नेत असे. आज म्हणाला, “अंटिल इट गेट्स कम्प्लीटली डार्क. अबाउट हाफ ॲन अवर.” मी अंधारात त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग एका सादड्याच्या झाडावर पहिला ठिपका पेटला. एक, मग खालच्या फांदीवर चार, मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच तालात उजळ-विझ, उजळ-विझ. एका झाडाचं थांबलं की शेजारचं सुरू. बहुतेक नर चमकतात, मादीला खूण करायला. मोबाइलची बॅटरी लावणाऱ्याला पोराने ताबडतोब बंद करायला लावली. वनखात्याचा नियम आहे आणि उजेडात काजवे मिटतात. अवकाळी पावसाने यंदा ते गेल्या वर्षीइतके नव्हते, असं तो म्हणाला. नर्स गप्प बघत होती. परत येताना विचारलं, “बाई, डस्क आणि ट्वायलाइट यांत फरक काय?” मी म्हटलं, आत्ता जे दोन्ही पाहिलंस तेच. उजेड होता तोवर ट्वायलाइट, तो संपून काळोख व्हायला लागला तो डस्क. शब्दकोशवाले याहून बारीक कातरतील, परीक्षेला एवढं पुरतं.

गुरुवार, ५ जून

लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख देतात आणि वीस मिनिटांत दीडशे शब्द मागतात. पुस्तकातले आलेख कुठल्या तरी परदेशी शहरातल्या मोटारींचे. ते फेकून दिले आणि धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख पाटीवर काढला, आकडे न घालता, नुसता आकार. जूनमध्ये तळाशी. जुलैच्या मध्यापासून झपाट्याने वर. ऑगस्टमध्ये शिखर. पाऊस थांबेपर्यंत सपाट. मग प्रवरेच्या कालव्यांना एकेक आवर्तन सुटतं, तसा पायरीपायरीने खाली. मे अखेर पुन्हा तळ.

हा आकार काढायला तिघांना शिकवावं लागलं नाही. त्यांनी तो काठावरून दरवर्षी पाहिलाय, पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळासकट. शब्द घालायचं काम तेवढं उरलं: बिटवीन जून ॲन्ड ऑगस्ट, ओव्हर द नेक्स्ट टू मन्थ्स, बाय द एंड ऑफ मे, थ्रूआउट द विंटर. नर्सने जो परिच्छेद लिहिला त्यात एकही वाक्प्रचार नव्हता आणि मी आजवर तपासलेल्या अशा उत्तरांत तो सगळ्यांत चांगला होता. ‘स्टेप बाय स्टेप’ला ‘इन स्टेजेस’ केलं, बाकी हात लावला नाही.

रविवार, ८ जून

मिरूग लागला. आजींनी पंचांग उघडायला लावलं, यंदाचं वाहन काय ते बघायला. पाऊस मात्र थेंबभर नाही. ‘मेच्या शेवटी आला आणि मिरगाला गायब,’ असं हिशेबाला धरून त्या दिवसभर पुटपुटत होत्या. क्लास नाही.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. सकाळभर वडाभोवती गर्दी, त्यामुळे दुपारी बसलो. बोलण्याची रंगीत तालीम. तोंडी परीक्षेचा दुसरा भाग अवघड असतो: विषयाचं कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. मी कार्ड दिलं: डिस्क्राइब अ टाइम व्हेन यू वेअर व्हेरी बिझी.

पहिल्या वेळी नर्स पुन्हा झेरॉक्सवर गेली. टाइम फ्लाइज झालं, निक ऑफ टाइम झालं, आणि मधे ‘टुडे मॉर्निंग’ही. आज सकाळी म्हणून टुडे मॉर्निंग, काल रात्री म्हणून यस्टरडे नाइट. धिस मॉर्निंग आणि लास्ट नाइट तिच्या ओठांवर येतच नव्हते.

मग मी तिला म्हटलं, परीक्षा विसर. रात्रपाळी संपतेय, सकाळची सिस्टर आलीय, तू हँडओव्हर देतेयस. चार नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाचं सांग.

आणि ती बोलायला लागली. ही वॉज ब्रॉट इन ॲट ट्वेंटी-थ्री थर्टी. ऑन ऑक्सिजन सिन्स मिडनाइट. नील बाय माउथ अंटिल द सर्जन सीज हिम. अँटिबायोटिक एव्हरी एट अवर्स, लास्ट डोस ॲट सिक्स, नेक्स्ट ड्यू ॲट फोर्टीन हंड्रेड. ही हॅज पास्ड युरिन ट्वाइस ओव्हर द लास्ट फोर अवर्स. द रिपोर्ट शुड बी बॅक बाय टेन.

बारावीवाली तोंड उघडं ठेवून ऐकत होती. सिन्स, अंटिल, एव्हरी, लास्ट, नेक्स्ट, ओव्हर, बाय. एकही चुकला नाही. वॉर्डात बाय आणि अंटिल यांची अदलाबदल झाली तर रुग्णाला उपाशी ठेवावं लागतं, म्हणून तिथे हे शब्द हाडात मुरलेले. कार्डावर तेवढंच आणायचं होतं. दुसऱ्या वेळी तिने एका गर्दीच्या रात्रपाळीबद्दल पावणेदोन मिनिटं सांगितलं, झेरॉक्सकडे न बघता. माझ्या मते सातचा बँड पक्का.

क्लासवाल्यांचा राग नाही, त्यांनाही चाळीस पोरं एकदम हाकायची असतात. पण स्वयंपाकीण, गाईड, ड्रायव्हर, नर्स, प्रत्येकाच्या कामात वेळेचं इंग्रजी आधीच अर्धंमुर्धं भिनलेलं असतं. ते आधी विचारून घ्यावं, मग कमी असेल तेवढं द्यावं.

बुधवार, ११ जून

नर्सची परीक्षा महिनाअखेरीस पुण्याला. हॉलमध्ये उशिरा पोचणाऱ्याला आत घेत नाहीत, फीही परत मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशीच निघायचं: शेंडीहून पहाटेची मुक्कामी एसटी, राजूर, अकोले, संगमनेर, आणि तिथून पुण्याची गाडी. गाईड पोरगा म्हणाला, “बाई, त्या दिवशी मी सोडतो, बाय सिक्स एएम.” बाय बरोबर वापरला. सहाच्या आत आला नाही तर मात्र एसटी सुटलेली असेल.